लायसन मिळालं हो, पण गाडी येते का?

मागच्या अंकात गाडी शिकण्यावर चार ओळी लिहून पत्रं पाठवा म्हटलं होतं, तर ढीग आला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून साधारण सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम छापलेली नाहीत. एक गंमत सांगते, दहातली आठ पत्रं "लायसन कसं काढायचं" याची आहेत आणि "गाडी कशी यायची" हे विचारणारी फार थोडी. आपल्याकडे लायसन निघालं म्हणजे गाडी आली असं धरून चालतात, आणि मग ते कार्ड पाकिटात आणि गाडी पार्किंगमधे कव्हर घालून. अशी घरं तुम्हाला पण माहिती असतील. असो, पत्रांकडे वळू.

ताई, मी नुकताच १८ पूर्ण झालो. आमच्या इथला सायबर कॅफेवाला लर्निंग लायसनचे दीड हजार मागतोय, म्हणतो परीक्षा पण मीच देतो, तू फक्त ओटीपी सांग. देऊ का?
— एक कॉलेजकुमार, लातूर

अरे बाबा, नको. आधी पैशाचं बघू. सरकारी फी म्हणजे लर्निंगला गाडीच्या प्रत्येक वर्गाचे १५० आणि परीक्षेचे ५०, वर थोडा सर्व्हिस चार्ज असेल तो. म्हणजे गिअरची बाईक आणि कार दोन्ही एकदम टाकलंस तरी साडेतीनशेच्या आसपास. बाकीचे हजार-अकराशे तो कशाचे घेतो? तुझा फॉर्म टाईप करायचे आणि तुझ्याऐवजी पंधरा प्रश्न सोडवायचे.

महाराष्ट्रात २०२१ पासून लर्निंग घरबसल्या निघतं. सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाईटवर जायचं, आधार टाकायचं, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो (मोबाईल जोडलेला नसेल तर आधी तेवढं काम करून घे, नव्वद टक्के लोकांचं घोडं तिथेच अडतं), मग रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा आणि परीक्षा द्यायची. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. प्रश्न काय असतात? चिन्हं ओळखा, त्रिकोणातलं म्हणजे सावध करणारं, लाल गोलातलं म्हणजे बंधनकारक. किंवा अरुंद पुलावर तू पोचतोयस आणि समोरून गाडी शिरतेय तर काय करशील, तर थांबायचं, तिला पुढे येऊ द्यायचं. यात अवघड काय आहे सांग.

आणि ओटीपी सांगून दुसऱ्याकडून परीक्षा देणं म्हणजे तुझ्या नावावर खोटं काम करून घेणं, ते तर आहेच, पण माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. या सगळ्या प्रकरणात तू नियम वाचशील अशी ही एकच जागा. नंतर आयुष्यात कोणी तुला विचारणार नाही की तुटक पांढरी रेघ आणि सलग पिवळी रेघ यात फरक काय. आत्ता एक संध्याकाळ बसून वाच, परत वेळ येत नाही.

लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्याची टेस्ट तीस दिवसांनंतर देता येते. त्या दिवसांत गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर लाल एल लावायचा आणि कार असेल तर शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसलेला हवा, मागच्या सीटवर झोपलेला मामा चालत नाही.

मी ४७ वर्षांची आहे. दोन्ही मुलं शिकायला बाहेर, घरात कार नुसती उभी. यांनी दोनदा शिकवायला घेतलं, दोन्ही वेळा भांडण होऊन परत आलो. पंधरा दिवसांचा क्लास लावला होता, लायसनपण मिळालं, पण आजही एकटीने गाडी बाहेर काढली नाही. चढावर गाडी मागे जाते आणि मागचे हॉर्न वाजवतात की माझे हातपाय गळतात. मैत्रिणींना घेऊन कासला जायचं मनात आहे, यवतेश्वरच्या घाटातून. या वयात जमेल का हो?
— एक वाचक, सातारा

जमेल. वयाचं म्हणाल तर चाळिशीनंतर लायसनसाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १अ, ते तुम्ही दिलंच असणार, आणि तुमच्या वयाला लायसन दहा वर्षांचं मिळतं, म्हणजे सरकारने तुम्हाला सत्तावन्नपर्यंत चालवा म्हणून सांगितलेलंच आहे. तुम्ही कशाला अडताय?

आता क्लासचं. कायद्याप्रमाणे क्लासने खाजगी गाडीचं शिक्षण किमान २१ दिवस द्यायचं असतं आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान दहा तास. तुमचे किती झाले? पंधरा दिवस, रोज वीस मिनिटं, त्यात दोन सिग्नल आणि मधे दुसऱ्या मुलीला तिच्या घरी सोडणं, अशी बेरीज करा, पाच तास पण भरत नाहीत. आणि क्लासच्या गाडीला डबल कंट्रोल असतो, म्हणजे क्लच आणि ब्रेक सरांच्या पायाखाली पण असतो. तो सुरक्षेसाठी असतो आणि असायलाच पाहिजे, पण होतं काय की गाडी बंद पडायच्या आत सर गुपचूप क्लच दाबतात, तुम्हाला वाटतं मला जमलं. घरच्या गाडीत बसलात की ते पाय नसतात. तुम्हाला गाडी येत नाही असं नाहीये, तुम्हाला क्लच कोणी शिकवलाच नाहीये.

म्हणून पुन्हा पहिल्यापासून, पण यावेळी ॲक्सिलरेटर न वापरता. सकाळी लवकर एखादं मोकळं सपाट मैदान किंवा नवीन प्लॉटिंगचा रस्ता बघा. पहिला गिअर टाका, उजवा पाय ब्रेकवर. क्लच एकदम हळू सोडत या. एका जागी गाडीचा आवाज जरा बसतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, पायाला थरथर कळते. तिथे थांबा. तोच हाफ क्लच. आता ब्रेक सोडा, गाडी आपोआप पुढे सरकेल, रेस न देता. परत क्लच दाबा, थांबा. परत. हे एवढंच करत रहा, अर्धा तास. कंटाळा येईल, येऊ दे. तो बिंदू डोळ्यांनी शोधायचा नसतो, तळपायाला कळायला लागतो, आणि एकदा कळला की गाडी बंद पडायची भीती निम्मी संपते. प्रत्येक गाडीचा हा बिंदू वेगळा असतो हं, म्हणून क्लासच्या गाडीवर जमलेलं घरच्या गाडीवर पहिल्या दिवशी जमत नाही, त्यात तुमची काही चूक नाही.

मग चढ. इथे हँडब्रेक तुमचा मित्र आहे. थांबलात की हँडब्रेक ओढा आणि पाय मोकळे करा, आता गाडी कुठेही जात नाही, मागच्याने कितीही हॉर्न वाजवू दे. निघायचं झालं की पहिला गिअर, हाफ क्लचपर्यंत या, थोडी रेस द्या, गाडीचं नाक उचललं गेलं, ती पुढे ओढायला लागली असं वाटलं की मग हँडब्रेक खाली. एक इंच पण मागे येत नाही. बरेच जण याला नवशिक्याचं लक्षण म्हणून हसतात, आणि तेच लोक चढाच्या सिग्नलला मिनिटभर हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात आणि क्लच प्लेट जाळून घेतात, ते बिल आलं की हसू बंद होतं.

बसण्याचं पण बघा. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. उंची कमी असेल तर सीट वर घ्या, वर होत नसेल तर खाली घट्ट उशी घ्या, पुढे सरकून स्टिअरिंगला चिकटून बसू नका. चप्पल सपाट आणि मागे पट्टा असलेली. ओढणी, पदर आवरून. या गोष्टी क्लासमधे सांगत नाहीत कारण शिकवणारे बहुतेक पुरुष असतात, त्यांच्या डोक्यातच येत नाही.

यवतेश्वरचा घाट लगेच नको. आधी गावात, मग हायवेच्या सर्व्हिस रोडवर, मग घाट, आणि तोही कासच्या सीझनमधल्या रविवारी नाही, आडवारी सकाळी. घाटात चढणाऱ्या गाडीला पहिला हक्क असतो, उतरणाऱ्याने थांबायचं, हा नियम आहे, मेहेरबानी नव्हे. उतरताना ज्या गिअरमधे तो चढ चढला असतात त्याच गिअरमधे उतरा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापले की पायाला मऊ लागतात, मग धरत नाहीत.

राहता राहिले तुमचे हे. त्यांना रागावू नका पण शिकवायला पण बसवू नका. शेजारी लायसनवाला हवा हे लर्निंगला, तुमचं तर पक्कं आहे. एखादी गाडी चालवणारी मैत्रीण, भाचा, शेजारची मुलगी, जो गप्प बसू शकतो असा कोणीही न्या. गप्प बसणं हा महत्त्वाचा गुण. "अगं ब्रेक ब्रेक ब्रेक" असं ओरडणारा माणूस शेजारी असला की चांगला ड्रायव्हर पण चुकतो.

मुलगा अकरावीत आहे, १६ पूर्ण. ट्यूशनचा क्लास चार किलोमीटरवर. सगळ्याच मुलांकडे स्कूटर आहेत. आतल्या रस्त्याने जातो म्हणतो, हेल्मेट पण घालीन म्हणतो. १६ ला लायसन मिळतं असं ऐकलंय, मग ॲक्टिव्हा द्यायला काय हरकत?
— एक आई, नाशिक

हरकत आहे आणि मोठी आहे. १६ ला जे लायसन मिळतं ते विनागिअरच्या आणि इंजिन ५० सीसीच्या आतल्या दुचाकीचं, आईवडिलांच्या लेखी संमतीने. ॲक्टिव्हा ११० सीसीच्या घरातली. आता ५० सीसीच्या आतली पेट्रोलची नवी गाडी दुकानात जाऊन मागून बघा, दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. म्हणजे कायद्यात वाट आहे, रस्त्यावर गाडी नाही.

कायद्यात २०१९ साली १९९अ नावाचं कलम आलं ते प्रत्येक आईबापाने वाचावं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन एक वर्षासाठी रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. मला माहीत नव्हतं, मी घरी नव्हते, असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी तुमची. आणि विम्याचं तर कोणी बोलतच नाही. लायसन नसलेल्याच्या हातून कोणी जखमी झालं तर कोर्ट विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि मग कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करते, लाखांत असते ती. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला जे झालं, दोघांचा जीव गेला आणि सतरा वर्षांच्या मुलावर आरोप आला, त्यानंतर महिनाभर सगळे पालक सावध होते, आता परत क्लासबाहेर स्कूटरच्या रांगा.

इलेक्ट्रिकचं विचाराल म्हणून आधीच सांगते. मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर तिला लायसन आणि रजिस्ट्रेशन लागत नाही हे खरं आहे. पण "लायसन नको मॅडम" म्हणून विकलेल्या काही गाड्या पन्नासने पळतात, वेगाची मर्यादा काढून दिलेली असते. घेणार असाल तर मंजुरीचे कागद बघून घ्या. नाहीतर सायकल आहे की, चार किलोमीटर म्हणजे अकरावीतल्या पोराला काहीच नाही.

ऑटोमॅटिक गाडी घेतलीये. तिचं लायसन वेगळं काढायचं का?
— एक वाचक, डोंबिवली

नाही. आपल्याकडे कारचा एकच वर्ग, एलएमव्ही म्हणजे हलकी मोटार गाडी, त्यात दोन्ही आल्या. ऑटोमॅटिकवर टेस्ट देऊन उद्या गिअरची चालवली तरी कायद्याने चालतं. तुम्हाला येईल का ते वरच्या सातारच्या ताईंचं उत्तर वाचून ठरवा. आणि ऑटोमॅटिकमधे डावा पाय पूर्ण रिकामा ठेवा, ब्रेकला पण उजवाच, सवयीने डावा पाय क्लच समजून ब्रेकवर जोरात पडतो आणि मागचा येऊन आदळतो.

बाईकच्या टेस्टला आठ काढताना (इंग्रजी 8 च्या आकारात बाईक फिरवताना) पाय टेकला, नापास केलं. बाहेर एजंट म्हणाला दोन हजार द्या, पुढच्या वेळी नुसतं उभं राहायचं. रोज कामाला बाईकनेच जातो, सहा वर्षं चालवतोय, मला काय आठ काढायला लावतात?
— एक वाचक, कोल्हापूर

सहा वर्षं विनालायसन चालवताय हे तुम्ही मला लिहून कळवलंत, छान. पाच हजार दंड आहे त्याला, प्रत्येक वेळी.

आठ कशाला काढायला लावतात तर, सरळ रस्त्यावर साठच्या स्पीडने बाईक आपोआप उभी राहते, त्यात तुमचं कौशल्य काही नसतं. गर्दीत, दहाच्या स्पीडला, वळताना जो तोल लागतो तो तुमचा स्वतःचा. तो आठमधे दिसतो. सहा वर्षं चालवणारेच इथे जास्त अडकतात, कारण त्यांना हळू चालवायची सवयच नसते, हळू झालं की पाय खाली.

करायचं काय, पहिला गिअर, क्लच अर्धा दाबून, रेस थोडी आणि एकसारखी, वेग कमी करायला फक्त मागचा ब्रेक हलका. वळताना पुढचा ब्रेक दाबलात की हँडल आत पडतं आणि पाय टेकतो, तुमचं बहुतेक तेच झालं असणार. आणि नजर पुढच्या चाकासमोर नको, वळणाच्या दुसऱ्या टोकाला, मान वळवून. चाक डोळे जातील तिकडे जातं. घरासमोर दोन विटा ठेवून तीन-चार संध्याकाळी करा, जमतं. विटा जवळ जवळ आणत जा.

नापास झाल्यावर सात दिवसांनी परत टेस्ट देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र शेवटच्या टेस्टपासून साठ दिवस थांबावं लागतं, त्यामुळे तयारी न करता नुसता नंबर लावत बसू नका, लर्निंगचे सहा महिने पण संपत असतात. टेस्टची फी प्रत्येक वर्गाला ३०० आणि लायसनचे २००, वर कार्ड-पोस्टाचा खर्च. एजंटचे दोन हजार वाचले की चांगलं हेल्मेट येतं, आयएसआय मार्कवालं. टेस्टला जाताना ते घालूनच जा, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी बरोबर ठेवा, आणि दोन्ही आरसे बसवा हो, काढून ठेवलेले असतील तर.

आणि ते मेसेज फिरतात ना, "आता आरटीओत टेस्ट नाही, क्लासवालाच लायसन देणार", २०२४ च्या जूनच्या आधी तर ऊत आला होता. तसं काही झालेलं नाही, मंत्रालयाने तेव्हाच खुलासा केला होता. मान्यताप्राप्त मोठी प्रशिक्षण केंद्रं म्हणून वेगळा प्रकार २०२१ च्या नियमांत आहे, तिथे कोर्स करून पास झालं तर आरटीओतली टेस्ट माफ होते, पण तुमच्या गल्लीतला क्लास म्हणजे ते केंद्र नव्हे, आणि लायसन तरीही आरटीओच देतं.

वय ६३. लायसन संपून नऊ महिने झाले, लक्षातच आलं नाही. मुलगा म्हणतो एक वर्षाची सूट असते, तोपर्यंत चालवा. माझं जुनं पुस्तकाचं लायसन आहे. रिन्यू होईल ना?
— एक ज्येष्ठ वाचक, नागपूर

काका, होईल, पण या महिन्यात करा आणि तोपर्यंत चावी खुंटीला. मुलाचा गोंधळ झालाय. एक वर्ष आहे ते टेस्ट न देता रिन्यू करायला, चालवायला नाही. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन चालू धरायचे, २०१९ च्या दुरुस्तीत ते पण गेलं. म्हणजे संपलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कागदावर विनालायसनच, आणि काही झालं तर विमा कंपनी पहिला मुद्दा तोच काढणार. वर्ष उलटलं तर मात्र परत टेस्ट द्यावी लागते. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून अर्ज करता येतो, घरात बाकीच्यांची कार्डं पण काढून तारखा बघा एकदा.

पुस्तकाच्या लायसनचं असं आहे की त्याची नोंद सारथीवर नसू शकते. नंबर टाकून दिसलं नाही तर ज्या आरटीओने दिलं तिथे मूळ पुस्तक घेऊन जायचं आणि आधी कॉम्प्युटरवर नोंद करून घ्यायची, बॅकलॉग एन्ट्री म्हणतात त्याला. ती झाल्याशिवाय ऑनलाईन अर्ज पुढे सरकत नाही, लोक सायबर कॅफेत चकरा मारत बसतात उगाच. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल, आणि पंचावन्ननंतर रिन्यू झालं की पाच वर्षांचंच मिळतं.

डॉक्टरकडे जाताय तर नुसती सही घेऊन येऊ नका. रात्री समोरच्या लाईटने डोळे दिपतात का, लाईटभोवती वलय दिसतं का, ते सांगा, मोतीबिंदूची सुरुवात असते बऱ्याचदा. आणि मान दोन्ही खांद्यांकडे पूर्ण वळते का बघा. रिव्हर्सला नुसत्या आरशावर भागत नाही.

मिस्टरांच्या नोकरीमुळे रेडिंगला आलोय, इंग्लंडमधे. पुण्यात आठ वर्षं कार चालवली आहे. इथे भारतीय लायसनवर चालवता येतं का? ओळखीचे म्हणतात इथली टेस्ट फार कडक, इंडियातले सगळे नापास होतात.
— एक वाचक, रेडिंग

तिथे राहायला गेल्यापासून बारा महिने भारतीय लायसनवर छोटी गाडी चालवता येते. विमा मात्र आधी बघा, तिथे विम्याशिवाय गाडी रस्त्यावर नाही आणि भारतीय लायसनवर हप्ता जास्त पडतो. बारा महिन्यांनंतर तिथलं लायसन लागतंच, आणि भारताचं लायसन तिथे नुसतं बदलून मिळत नाही, त्या देशांच्या यादीत आपण नाही. म्हणजे प्रोव्हिजनल, तिथलं लर्निंग, काढायचं, ऑनलाईन ३४ पौंड, मग थिअरीचे २३ पौंड, मग प्रॅक्टिकल, आठवड्याच्या दिवशी ६२ पौंड. वाट बघून बसू नका, पहिल्याच महिन्यात प्रोव्हिजनलचा अर्ज टाका, कारण प्रॅक्टिकलच्या तारखा महिनोन्महिने मिळत नाहीत अशी तिथे सगळ्यांचीच ओरड आहे.

थिअरीला पन्नासपैकी ४३ लागतात, शिवाय व्हिडिओ बघून धोका ओळखायचा वेगळा भाग, पंचाहत्तरपैकी ४४. तो भाग पुण्यात चालवणाऱ्यांना सोपा जावा, धोका ओळखण्यात आपला हात कोण धरणार, पण गंमत अशी की कधीकधी आपण धोका फार लवकर ओळखतो आणि वेळेआधी क्लिक करतो, मार्क जातात. सराव करून जा.

प्रॅक्टिकलमधे पंधरापर्यंत छोट्या चुका माफ, गंभीर चूक एक पण नाही. तिथल्या सरकारी यादीत नापास होण्याचं वरचं कारण म्हणजे जंक्शनला नीट न बघणं. आपल्याला गाडी चालवता येत असते, बघता पण येतं, पण बघितलं हे परीक्षकाला दिसलं पाहिजे, आरसा, मान वळवून खांद्यामागे, मग सिग्नल, मग हालचाल. आपण नुसता हॉर्न देऊन घुसतो. हॉर्नची सवय तर पहिल्या दिवशी सोडा, वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायचाच नाही असा तिथे नियम आहे. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तसा नियम आपल्याकडे पण आहे, पण पुण्यात चौकात तो कोणी पाळल्याचं मला तरी आठवत नाही. आणि ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर लायसन ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं, आपल्यासारखं नाही, तेव्हा क्लच विसरला नसाल तर गिअरच्याच गाडीवर द्या.

तुमच्या अनुभवी हाताला पाच-सहा तास तिथल्या इन्स्ट्रक्टरबरोबर घालवणं पुरावं, महाग आहेत पण टेस्ट परत परत देण्यापेक्षा स्वस्त. सगळे नापास होतात हे काही खरं नाही, "मला येतंच" म्हणून तयारीशिवाय जाणारे होतात.

मला लाल-हिरव्यात थोडा घोळ होतो. लायसन मिळेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

सौम्य किंवा मध्यम रंगांधत्व असेल तर मिळतं, २०२० मधे केंद्राने फॉर्म बदलले तेव्हापासून. तीव्र असेल तर नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडून प्रमाण किती ते लिहून घ्या. सिग्नलला रंगापेक्षा जागा बघा, उभ्या सिग्नलमधे लाल वर, हिरवा खाली.

आम्ही चार मित्र गोव्याला जातोय. दोघांकडे पक्कं लायसन, दोघांकडे लर्निंग. तिथे चार स्कूटर भाड्याने घेतल्या तर चालेल का?
— चौकडी, सोलापूर

चार नाही, दोन घ्या. लर्निंग लायसन भारतभर चालतं हे बरोबर, पण लर्निंगवाल्याने चालवायचं तर एल लावून, आणि मागे बसवायचा तर फक्त शिकवणारा, त्याच्याकडे पक्कं लायसन पाहिजे. समुद्रावर जाताना भाड्याच्या स्कूटरला एल लावून तुमच्यातलं कोण फिरणार आहे? पक्केवाले दोघं चालवतील, बाकीचे दोघं मागे बसा, हेल्मेट चौघांना. आणि स्कूटर घेताना नंबरप्लेट बघा, भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी शे-दोनशे कमी सांगून दिली तर घेऊ नका, पोलिसाने अडवलं की देणारा फोन उचलत नाही. लायसनचा मोबाईलमधला फोटो दाखवून चालत नाही, डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं चालतं, ते निघायच्या आधी घरच्या वायफायवर उघडून ठेवा.